कार्बन डायऑक्साइडपासून पाणी: उत्प्रेरकाआधी हायड्रोजनचा हिशेब

लातूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करणाऱ्या तरुण अभियंत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. किण्वनाच्या टाक्यांतून रोज कितीतरी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो आणि त्याच कारखान्याला एप्रिल-मे महिन्यांत टँकर विकत घ्यावे लागतात. या वायूपासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने पाणी तयार करता येते, असे त्यांच्या वाचनात आले आहे. त्यासाठी निकेल घ्यावे की रुथेनियम, रिॲक्टर कोणत्या प्रकारचा असावा आणि साधारण किती पाणी मिळेल, हे त्यांना हवे आहे.

अमोनिया कारखान्यातील मिथेनेटर (वायूतील उरल्यासुरल्या कार्बन डायऑक्साइडचे मिथेन करणारा रिॲक्टर) चालवण्यात आणि पुढे लहान प्रायोगिक संयंत्रे उभारण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्प्रेरकाविषयी आणि रिॲक्टरविषयी मला सांगण्यासारखे बरेच आहे आणि ते मी पुढे सांगणारच आहे. परंतु तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. पहिला कारखान्याच्या पाणीटंचाईचा आणि दुसरा एका रासायनिक अभिक्रियेचा. या दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात शोधायला गेलात तर पैसा आणि पाणी दोन्ही गमवाल, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत कशावरून, हे आधी आकड्यांनिशी मांडतो.

पाण्याच्या रेणूत दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन आहे, हायड्रोजन मुळीच नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? म्हणून ‘कार्बन डायऑक्साइडपासून पाणी’ या शब्दांत जी गोष्ट झाकली जाते ती अशी की, हायड्रोजन तुम्हाला बाहेरून आणावा लागतो, आणि मिळणारे सगळे पाणी त्या हायड्रोजनच्या मापानेच मिळते. उत्प्रेरक कितीही उत्तम असला तरी तो अभिक्रियेचा वेग वाढवतो. हायड्रोजनचा एकही अणू तो निर्माण करत नाही.

जी अभिक्रिया तुम्ही वाचली ती बहुधा साबातिए अभिक्रिया असावी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए आणि त्यांचे सहकारी सांदरां यांनी १९०२ मध्ये निकेलवर ती घडवून दाखवली, आणि साबातिए यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. तिच्यात कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू हायड्रोजनच्या चार रेणूंशी संयोग पावून मिथेनचा एक आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. वजनात सांगायचे तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइडला ८ किलो हायड्रोजन लागतो आणि त्यातून १६ किलो मिथेन व ३६ किलो पाणी मिळते. आता हा ८ किलो हायड्रोजन पाण्याच्या विद्युत अपघटनाने मिळवायचा ठरवला, तर किलोमागे ९ किलो या हिशेबाने ७२ किलो पाणी फोडावे लागते. म्हणजे ७२ किलो पाणी घालून ३६ किलो पाणी परत मिळते आणि उरलेल्या पाण्याचा हायड्रोजन मिथेनमध्ये अडकून बसतो. तो मिथेन जाळून धुरातील वाफ शेवटच्या थेंबापर्यंत थंड करून गोळा केली, तरी अगदी आदर्श स्थितीत तुम्ही जिथून निघालात तिथेच पोहोचता.

हाच हिशेब तुमच्या कारखान्याच्या मापाने करून पाहू. तुम्ही क्षमता कळवलेली नाही, म्हणून मी रोज ६० हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी धरतो. किण्वनात साखरेच्या १८० भागांपासून ९२ भाग अल्कोहोल आणि ८८ भाग कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून एका लिटर अल्कोहोलमागे साधारण पाऊण किलो, म्हणजे रोज सुमारे ४५ टन वायू तुमच्या टाक्यांतून बाहेर पडत असणार. टाक्या बंद आहेत की उघड्या, यावर त्यातला प्रत्यक्ष हाती किती येईल हे अवलंबून राहील. तो सगळा पकडून सगळ्याचे रूपांतर केले, तर रोज सव्वाआठ टनांच्या आसपास हायड्रोजन लागेल आणि सुमारे ३७ हजार लिटर पाणी मिळेल. १२ हजार लिटरचे तीन टँकर, इतकीच ही मिळकत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाण्याच्या रेल्वेने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आणले होते. तुमच्या ४५ टन वायूपासून मिळणारे पाणी त्यातली एक वाघीणसुद्धा भरणार नाही. आणि या तीन टँकरांसाठी विद्युत अपघटनात सहा टँकर पाणी आधी खर्च झालेले असेल.

तेही पाणी साधे चालत नाही. इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विद्युत अपघटन करणाऱ्या यंत्राला, क्षारविरहित पाणी लागते. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी चांगलेच असते. ते आरओमधून काढताना पाण्याचा मोठा हिस्सा नाकारलेल्या पाण्याच्या रूपाने वेगळा होतो. आरओची उत्पादकता दोन-तृतीयांश धरली, तर ७४ हजार लिटर शुद्ध पाण्यासाठी एक लाख दहा हजार लिटरच्या घरात कच्चे पाणी उपसावे लागेल. अभिक्रियेतून आलेले पाणी परत इलेक्ट्रोलायझरला देता येते आणि ते दिलेच पाहिजे, कारण ते मुळातच क्षारविरहित असते. तसे केल्यास बाहेरून घ्यायचे पाणी निम्म्यावर येते. परंतु निम्म्यावर येणे म्हणजे शून्य होणे नव्हे, आणि नफ्यात जाणे तर त्याहून नव्हे.

विजेचा आकडाही पाहून ठेवा. एक किलो हायड्रोजन काढायला आजच्या इलेक्ट्रोलायझरना ५० ते ५५ युनिट वीज लागते. रोजच्या सव्वाआठ टनांसाठी ही वीज चार ते साडेचार लाख युनिट होते, म्हणजे १७ ते १९ मेगावॅट अखंड, रात्रंदिवस. मिळालेल्या पाण्याच्या एका लिटरमागे साडेअकरा युनिटच्या आसपास वीज खर्च झाली. युनिटला सात रुपये धरले तर नुसत्या विजेचे लिटरमागे ऐंशी रुपये झाले. इतक्या पैशांत स्टँडवर थंडगार बाटल्यांचे पाणी चार लिटर येते. समुद्राचे खारे पाणी आरओने गोडे करायला हजार लिटरमागे तीन-चार युनिट पुरतात, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे अंतर लक्षात येईल.

मग ही अभिक्रिया पाण्यासाठी कुणी वापरतच नाही का? वापरतात, आणि ते उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१० मध्ये असा रिॲक्टर बसवण्यात आला. अंतराळवीरांच्या श्वासासाठी तिथे पाण्यापासून ऑक्सिजन काढतात, आणि त्यातला हायड्रोजन पूर्वी अवकाशात सोडून दिला जात असे. दुसरीकडे प्रत्येक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर टाकतो आणि तोही बाहेर फेकला जात असे. हे दोन टाकाऊ वायू एकत्र आणून त्यातून पाणी परत मिळवणे तिथे परवडते, कारण हायड्रोजन आधीच फुकट उपलब्ध आहे आणि पृथ्वीवरून वर न्यावा लागणारा प्रत्येक लिटर अतोनात महाग आहे. तिथेसुद्धा हायड्रोजन अपुरा पडतो, म्हणून सगळ्या कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर होत नाही. औसा किंवा निलंग्याच्या माळावर यातली एकही अट लागू होत नाही.

समजा, तुमच्या शेजारी एखादा कॉस्टिक सोड्याचा कारखाना आहे आणि तो हायड्रोजन वाया घालवतो आहे. तरीही पाण्यासाठी तो कार्बन डायऑक्साइडशी जोडण्यात अर्थ नाही. तोच हायड्रोजन बॉयलरमध्ये सरळ हवेत जाळला, तर किलोमागे ९ किलो पाणी तयार होते. साबातिए मार्गाने साडेचारच किलो होते, कारण अर्धा हायड्रोजन मिथेनमध्ये जातो. हा मुद्दा मी मुद्दाम मांडतो, कारण कार्बन डायऑक्साइड या व्यवहारात पाणी देणारा नसून हायड्रोजनचा वाटेकरी आहे, हे त्यातून एकदम स्पष्ट होते.

वाटेकरी होणार नाही अशी दुसरी अभिक्रिया आहे, ती बॉश अभिक्रिया. तिच्यात कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आणि हायड्रोजनचे दोन रेणू यांपासून घन कार्बन आणि पाण्याचे दोन रेणू मिळतात. सगळा हायड्रोजन पाण्यातच येतो. कागदावर हीच खरी ‘कार्बन डायऑक्साइडचे पाणी’ करणारी अभिक्रिया होय. पण ती लोखंडावर ५०० ते ६५० अंश सेल्सिअसला घडवावी लागते, एका फेरीत रूपांतर थोडेच होते म्हणून पाणी थंड करून काढत उरलेला वायू पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो, आणि तयार झालेला कार्बन उत्प्रेरकावरच साचून त्याला गिळून टाकतो. तुमच्या ४५ टन वायूपासून रोज बारा टनांहून अधिक काजळी निघेल, तीही तापलेल्या रिॲक्टरच्या आतून, लोखंडाच्या कणांसकट. अवकाश संशोधनात या अभिक्रियेवर अनेक दशके प्रयत्न होत आले आहेत, आणि तिथली मुख्य अडचण हीच राहिली आहे. साखर कारखान्यासाठी मी तिचा विचारही सुचवणार नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे टंचाईचे, उत्तर तुमच्याच आवारात आहे असे मला वाटते. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते. रोज पाच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उसाबरोबर साडेतीन हजार टन पाणी रोज दारात येते. त्यातले सातशे-साडेसातशे टन बगॅसच्या, म्हणजे चिपाडाच्या, ओलाव्यात निघून जाते आणि उरलेले रसाबरोबर बाष्पीभवन संचात पोहोचून वाफ होते. त्या वाफेचे कंडेन्सेट, म्हणजे थंड होऊन जमलेले पाणी, तुम्ही किती वापरता, किती कुलिंग टॉवरवर उडवता आणि किती ओढ्याला सोडता, याचे मोजमाप मीटर लावून केले आहे का? शिवाय मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीत एका लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरलेले सांडपाणी, निघतो. तो आटवताना निघणारे कंडेन्सेट नीट शुद्ध केले, तर रोज काही लाख लिटर पाणी पुन्हा वापरात येऊ शकते. तीन टँकरांच्या तुलनेत हा आकडा कुठल्या कुठे जातो. अडचण एवढीच की गाळप हंगाम मार्चच्या आसपास संपतो आणि टंचाई त्यानंतर सुरू होते, म्हणून अस्तर लावलेल्या मोठ्या साठवण तळ्याशिवाय हा उपाय पुरा होत नाही. (त्या उसाला मांजरा किंवा तेरणेच्या खोऱ्यात पाणी कुठून दिले, हा प्रश्न याहून मोठा आहे, पण तो तुम्ही विचारलेला नाही.)

आतापर्यंतचे सार एवढेच की, अभिक्रिया खरी आहे, परंतु विद्युत अपघटनाने मिळवलेल्या हायड्रोजनवर ती पाण्याचा निव्वळ तोटा करते. पाणी हा तिचा उपपदार्थ आहे. मात्र तुमचे उद्दिष्ट मिथेन असेल, म्हणजे स्वस्त सौर वीज हाती असून तिचे रूपांतर वायुइंधनात करायचे असेल, किंवा स्पेंट वॉशच्या बायोगॅसमधील कार्बन डायऑक्साइडही मिथेनमध्ये बदलून घ्यायचा असेल, तर विचार करण्याजोगे बरेच आहे. जर्मनीत वेर्ल्टे येथे २०१३ मध्ये सुमारे सहा मेगावॅटचा असा प्रकल्प सुरू झाला, आणि त्याला कार्बन डायऑक्साइड बायोगॅस संयंत्राकडूनच मिळत असे. पुढचे सगळे त्या उद्दिष्टाने वाचावे.

या अभिक्रियेचा रिॲक्टर म्हणजे उष्णता काढून घेण्याचे यंत्र आहे. उत्प्रेरक ही त्यातली तुलनेने सोपी बाजू आहे. एक मोल कार्बन डायऑक्साइडमागे १६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. अमोनिया कारखान्यातील मिथेनेटरमध्ये आम्ही असे धरून चालत असू की, वायूत एक टक्का कार्बन डायऑक्साइड असेल तर उत्प्रेरकाच्या थराचे तापमान साधारण ६० अंशांनी वाढते. तिथे येणारे प्रमाण टक्क्याच्या अंशातच असते म्हणून साधा, न थंड केलेला थर चालतो. तरीही आधीच्या शोषक मनोऱ्याचे काम बिघडून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड पुढे आला, की काही मिनिटांत तापमान चढून संयंत्र बंद पडते. तुमच्या मिश्रणात तर कार्बन डायऑक्साइड २० टक्के असणार. तिथे हा नियम सरळ रेषेत लागू होत नाही, कारण तापमान वाढत गेले की अभिक्रिया समतोलापाशी अडते. पण अडेपर्यंत थर ६०० अंशांच्या पुढे गेलेला असतो, आणि ५५० अंशांच्या वर, त्यातही वाफेच्या सान्निध्यात, निकेलचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात व उत्प्रेरक कायमचा मंदावतो.

तापमानाचा हा पेच दोन्ही बाजूंनी आवळतो. वातावरणीय दाबाला ३०० अंशांच्या आसपास ९५ टक्क्यांच्या वर रूपांतर शक्य असते, तर ५०० अंशांना ते ७० टक्क्यांच्या जवळ येते. खाली जावे तर अभिक्रियेचा वेग कमी होतो. म्हणून सुरुवातीचा भाग थोडा गरम ठेवून वेग घ्यायचा, मग थंड करून पाणी काढून टाकायचे आणि दुसऱ्या टप्प्यात कमी तापमानाला रूपांतर पुरे करायचे, ही रचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते. पाणी मध्येच काढल्याने समतोल पुढे सरकतो, आणि ते काढणे सोपेही आहे: पूर्ण रूपांतरानंतर वायूत दोन-तृतीयांश वाफच असते, त्यामुळे वातावरणीय दाबालाही ती ९० अंशांच्या थोडे खाली पाणी होऊन जमू लागते, आणि दहा बार दाबाला तर १६० अंशांच्या वरच. पाच ते दहा बार दाब घ्यावा, असे मी सुचवेन. त्याहून अधिक दाबाने फायदा वाढतो, पण हायड्रोजनची गळती आणि भांड्यांचा खर्च त्याहून वेगाने वाढतो.

नळीचा व्यास किती असावा, हे एका उदाहरणाने दाखवतो. प्रायोगिक संयंत्रात ताशी एक किलो कार्बन डायऑक्साइड घेतला, तर हायड्रोजनसह वायूचा प्रवाह ताशी अडीच घनमीटर होतो आणि उष्णता एक किलोवॅटच्या किंचित वर निघते. २५ मिलिमीटर आतील व्यासाची, सव्वा मीटरच्या आसपास लांबीची नळी घेतली, तर तिच्यात जेमतेम सहाशे मिलिलिटर उत्प्रेरक मावतो, म्हणजे उत्प्रेरकाच्या आकारमानाच्या चार हजार पटींहून अधिक वायू ताशी त्यातून जातो, आणि हे सर्वसाधारण निकेल उत्प्रेरकाला झेपते. भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ०.१ चौरस मीटर. उष्णतावहनाचा गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला शंभर ते दीडशे वॅट धरला, तर थर आणि शीतकारक यांच्यात सरासरीने ७० ते १०५ अंशांचा फरक राहील. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात बहुतेक उष्णता पहिल्या पाचव्या भागातच निघते आणि तिथे फरक याहून पुष्कळ मोठा असतो. तोच उत्प्रेरक ५० मिलिमीटरच्या नळीत भरला, तर भिंतीचे क्षेत्रफळ निम्मे होते आणि थराच्या मध्यापासून भिंतीचे अंतर दुप्पट होते. बाजारात मिळाली म्हणून रुंद नळी वापरू नका, एवढे या आकड्यांवरून पटावे. नळीच्या सुरुवातीला उत्प्रेरकात निष्क्रिय अल्युमिनाच्या गोळ्या मिसळून त्याची तीव्रता कमी करावी आणि पुढे पुढे मिश्रण दाट करत न्यावे. तापमापके थराच्या अक्षावर, सुरुवातीच्या भागात दाट अंतराने बसवावीत; शेवटच्या टोकाला बसवलेल्या एकुलत्या एका तापमापकाला हॉट स्पॉटचा, म्हणजे थरातील सर्वांत तापलेल्या जागेचा, पत्ता लागत नाही.

शीतकारक म्हणून ३०० अंशांपर्यंत उष्णतावाहक तेल सोयीचे पडते. वितळलेले नायट्रेट क्षार त्याहून वर चालतात, पण १४२ अंशांच्या आसपास गोठतात, त्यामुळे वीज गेली की सगळी पाइपलाइन दगड होऊन बसते. उकळते पाणी उष्णता सर्वांत छान घेते, परंतु २५० अंशांना त्याचा दाब ४० बार असतो आणि मग बॉयलर कायद्याच्या परवानग्या आल्या. ग्रामीण फीडरवर वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसेल, तर एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: वीज जाताच हायड्रोजनची झडप आपोआप बंद झाली पाहिजे आणि नायट्रोजनची आपोआप उघडली पाहिजे. तेलाचा पंप थांबला आणि हायड्रोजन चालू राहिला, तर थर हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.

इथे पुन्हा पाण्याकडे यावे लागते, कारण मराठवाड्यात शीतकरण हा पाण्याचाच प्रश्न आहे. एक किलो कार्बन डायऑक्साइडमागे अभिक्रियेतून पावणेचार मेगाज्यूल उष्णता निघते. ती जर कुलिंग टॉवरवर सोडली, तर दीड किलो पाणी हवेत उडते, आणि अभिक्रियेतून मिळालेले पाणी असते जेमतेम ८२० ग्रॅम. वाफ थंड करण्याची आणि इलेक्ट्रोलायझरची उष्णता मी यात धरलेलीच नाही. म्हणून अभिक्रियेची उष्णता वाफ करून डिस्टिलरीच्या स्तंभांना द्यावी आणि उरलेल्या कामासाठी हवेवर चालणारे कूलर घ्यावेत. मे महिन्यात हवा ४२-४३ अंशांची असते, त्यामुळे हे कूलर आकाराने मोठे होतात. तो खर्च गृहीत धरावा.

आता उत्प्रेरक. निकेल की रुथेनियम, याचे माझे उत्तर निकेल असे आहे, दोन अपवाद सोडून. अल्युमिनावरील निकेल २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात चांगले काम करते, सहज मिळते आणि बिघडले तर बदलता येते. रुथेनियम कमी तापमानाला जागे होते आणि अर्धा टक्का पुरते, पण त्याची किंमत सतत वर-खाली होत असते. संयंत्र वारंवार बंद-चालू करायचे असेल, किंवा दुसऱ्या टप्प्यात कमी तापमानाला उरलेले रूपांतर पुरे करायचे असेल, तर तेवढ्यापुरते रुथेनियम घ्यावे. सिरिया (सेरियम ऑक्साइड) किंवा लँथेनम मिसळलेल्या उत्प्रेरकांवर संशोधन भरपूर होते. तुमच्या टप्प्यावर त्यात शिरू नका. उत्प्रेरक स्वतः बनवण्याच्या फंदातही पडू नका; पुरवठादाराकडून घ्या आणि त्याच्याकडून रिडक्शनची, म्हणजे निकेल ऑक्साइडचे हायड्रोजनने धातुरूप निकेल करण्याची, लेखी पद्धत मागून घ्या.

निकेलचा खरा शत्रू गंधक आहे. किण्वनातून येणारा वायू तसा शुद्ध असतो, तरी त्यात अल्कोहोलची वाफ, ॲसिटाल्डिहाइड आणि गंधकाच्या संयुगांचे अंश असतात. पाण्याने धुऊन, सक्रिय कोळशातून नेऊन आणि शेवटी झिंक ऑक्साइडच्या थरातून काढूनच तो निकेलवर जाऊ द्यावा. गंधक दशलक्ष भागांत ०.१ भागाच्या खाली असावे. स्पेंट वॉशच्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांत असतो, त्यामुळे तिथे शुद्धीकरण विभाग रिॲक्टरपेक्षा महाग पडू शकतो. उघड्या टाक्यांमुळे वायूत हवा मिसळत असेल, तर तिच्यातील ऑक्सिजन उत्प्रेरकावर हायड्रोजनशी संयोग पावून जास्तीची उष्णता निर्माण करतो, हेही तपासावे.

निकेलबाबतीत एक धोका मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही. सुमारे २०० अंशांच्या खाली निकेलचा कार्बन मोनॉक्साइडशी संबंध आला, तर निकेल कार्बोनिल हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. थोडा कार्बन मोनॉक्साइड या अभिक्रियेत मध्येच तयार होतच असतो. म्हणून रिॲक्टर बंद करताना, तापमान २०० अंशांच्या वर असतानाच आतला सगळा वायू नायट्रोजनने बाहेर काढावा आणि मगच थंड होऊ द्यावा. सुरू करतानाही त्या तापमानाच्या वर जाईपर्यंत आत नायट्रोजन किंवा शुद्ध हायड्रोजनच असावा. रिड्यूस केलेले निकेल हवेत उघडले तर आपोआप पेटते, त्यामुळे रिकामे करण्याआधी अत्यल्प ऑक्सिजन देऊन त्याला हळूहळू शांत करावे लागते. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, म्हणून शेडचे छप्पर वरून मोकळे असावे. सिलिंडर आणि साठवणीसाठी पेसोचे (स्फोटके व पेट्रोलियम सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचे) नियम पाहूनच जागा ठरवावी.

हे सगळे वाचूनही अभिक्रिया स्वतः करून पाहायची असेल, आणि ती इच्छा मला रास्त वाटते, तर कारखान्यात काही उभारण्याआधी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक ग्रॅम उत्प्रेरकावर सुरुवात करा. दहा मिलिमीटरच्या नळीत तो क्वार्ट्झच्या चुऱ्यात मिसळून भरा, मिनिटाला १० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड आणि ४० मिलिलिटर हायड्रोजन सोडा, आणि ३०० ते ३५० अंशांना बाहेर येणारा वायू बर्फातून न्या. सगळे रूपांतर झाले, तरी ताशी एक ग्रॅमहून कमीच पाणी जमेल. ते वजन काट्यावर घ्या आणि बाहेर पडणाऱ्या मिथेनशी ताडून पाहा. मिथेनच्या एका मोलमागे पाणी दोन मोल आले पाहिजे. पाणी त्याहून जास्त निघाले, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होत आहे किंवा कुठूनतरी हवा आत येत आहे, आणि कमी निघाले, तर वाफ बर्फातून निसटते आहे. हा ताळा पाच टक्क्यांच्या आत जुळेपर्यंत उत्प्रेरकांची तुलना करू नका. जमलेले पाणी कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे किंचित आम्लधर्मी असते, म्हणून ते काचेतच साठवा. निकेलचे अंश तपासल्याशिवाय ते पिण्याच्या वापरात आणू नका.